वस्ती पारखायची कशी?

घर बघायला गेलेली माणसं बहुधा घरच बघून येतात. कार्पेट किती, ड्राय बाल्कनी आहे का, दार पूर्वेला उघडतं का, पार्किंग कव्हर्ड की उघडं, यावर परतल्यावर दोन दिवस चर्चा चालते. वस्तीचा विषय मात्र ‘एरिया चांगला आहे’ एवढ्या तीन शब्दांत उरकतो. या ‘चांगल्या’त साधारण तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. तिथले भाव वाढताहेत, तिथे आपल्यासारखे लोक राहतात आणि तिथून ऑफिस किंवा हायवे जवळ आहे. यातलं काही खोटं असतं असं नाही. पण त्या वस्तीत आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी साडेसहाला उठणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाईल, हे यातून कळत नाही. नळाला पाणी येईल का, मूल शाळेत पायी जाईल का, आजी संध्याकाळी एकट्या बाहेर पडू शकतील का, हे प्रश्न घर घेताना कोणी विचारत नाही आणि घर घेतल्यावर पुढची वीस वर्षं तेच पुरून उरतात. वस्ती पारखायची सगळ्यात भरवशाची कसोटी माझ्या मते खर्चाचीच आहे, पण तो खर्च घराच्या किमतीचा नव्हे. घर घेऊन झाल्यावर रोजचं जगणं चालावं म्हणून पदरचे पैसे टाकून आणखी काय काय विकत घ्यावं लागतं, ते मोजायचं. टँकर, आरओ, इन्व्हर्टर, घरटी दुसरी-तिसरी दुचाकी, स्कूल व्हॅन, क्लब हाउसची वर्गणी, रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. ही यादी जितकी आखूड तितकी वस्ती चांगली. आणि ज्या गोष्टी कितीही पैसे टाकले तरी मिळत नाहीत त्यांची यादी वेगळी करायची. तिला पहिल्या यादीपेक्षा जास्त वजन द्यायचं.

शहरांच्या क्रमवाऱ्या या कामी फारशा येत नाहीत. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ मध्ये राहण्यायोग्य शहरांचा पहिला निर्देशांक जाहीर केला, तेव्हा १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी आली. २०२० च्या फेरीत दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू वर गेलं आणि पुणे दुसऱ्या क्रमांकावर आलं. (दोन्ही वेळा पुणेकरांना निकालापेक्षा परीक्षकाबद्दलच अधिक शंका होत्या.) पाणी, कचरा, शिक्षण, आरोग्य, वाहतूक असं बरंच काही या निर्देशांकात मोजलं जातं, पण ते अख्ख्या शहराचं मोजलं जातं, आणि शहराची सरासरी कोणाच्याच वाट्याला येत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली, हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. सदाशिव पेठेतला नळ आणि वाघोलीतला नळ यांना एकाच आकड्यात बसवायचं तर तो आकडा दोघांनाही लागू पडत नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र शिकवू लागले. आराखडा काढण्याआधी गावातल्या गल्ल्या पायी तुडवायच्या, घरांमागचे बोळ बघायचे, विहीर कुठे आहे, सावली कुठे पडते हे टिपायचं, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांत मोजमापाची साधनं पुष्कळ आली, पण गल्लीच्या पातळीवर याहून बरी पद्धत मला तरी दिसलेली नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण पाण्याबद्दल फार काळ बाता मारता येत नाहीत. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. पुण्याच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं आहेत आणि त्यांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, म्हणजे शहराला पाण्याचा तुटवडा असण्याचं वरकरणी कारण नाही. पण समाविष्ट गावांत आधी इमारती आल्या आणि जलवाहिनी मागून येणार असं ठरलं. बांधकामाची परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. मग सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो, हमीपत्र फायलीत राहतं आणि टँकरचं बिल सभासदांच्या मेंटेनन्समध्ये येतं. बाणेर-बालेवाडीत ही गोष्ट इतकी थराला गेली की २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिथल्या नव्या बांधकाम परवानग्या थांबवायला सांगावं लागलं. अशा भागातल्या एखाद्या सोसायटीचं वार्षिक जमाखर्चपत्रक हाती आलं तर ते सावकाश वाचावं. टँकर चार्जेस, बोअरच्या पंपाची दुरुस्ती, सॉफ्टनरचं मीठ, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं (एसटीपी) वार्षिक कंत्राट, जनरेटरचं डिझेल अशा एकाखाली एक ओळी येतात आणि त्यातली प्रत्येक ओळ पालिकेने न केलेल्या एकेका कामाची असते. गेटवर एक रजिस्टर असतं. त्यात टँकरचा नंबर, आल्याची वेळ आणि वॉचमनची सही असते. फेब्रुवारीपासून त्याची पानं भराभर भरतात. वस्तीबद्दल याहून खरा दस्तऐवज मिळणं कठीण, पण फ्लॅट दाखवणारा एजंट ते उघडून दाखवत नाही.

टँकर आला आणि आरओ लावला की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांना जानेवारी २०२५ ने उत्तर दिलं. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या एका एरवी दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, केंद्राचं पथक आलं आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. खडकवासला धरणाच्या अगदी लगतचा हा भाग. खाजगी सोय घराच्या उंबऱ्याच्या आत चालते. भाजी कुठल्या पाण्याने धुतली, शाळेतल्या टाकीत काय आहे, कोपऱ्यावरचा चहावाला भांडी कशात विसळतो, हे आरओच्या फिल्टरबाहेरचं आहे. म्हणूनच वस्तीची परीक्षा घरातल्या सोयींवरून होत नाही.

दुसरी मोठी बाब जाण्यायेण्याची. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला आणि त्याने लोकसंख्येलाही मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या. पुणेकरांना गाडी चालवायची हौस आहे असं म्हणून हे हसण्यावारी नेता येतं. खरं तर दारातली प्रत्येक जास्तीची दुचाकी हा बससेवेवरचा लेखी अभिप्राय असतो. ज्या वस्तीत चार माणसांच्या घरात तीन दुचाक्या आणि एक मोटार लागते, तिथे घराच्या हप्त्याशिवाय आणखी एक हप्ता चालू असतो. ब्रोशरमधलं ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ कामाचं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वही आणायला एकटं पाठवता येतं का, हे बघावं. या एका प्रश्नात बरंच काही येतं. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर हवं, फुटपाथ असायला हवा आणि त्यावर गाड्या उभ्या नसाव्यात, चौकात रस्ता ओलांडता यायला हवा, वाटेत ओळखीचे चेहरे हवेत. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मधल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवरून हेच मांडलं होतं की रस्त्यावर सुरक्षितता येते ती दुकानदार, फेरीवाले, खिडकीतली माणसं यांच्या सहज जाणाऱ्या नजरेतून. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत कार्लोस मोरेनो यांची ‘पंधरा मिनिटांच्या शहरा’ची, म्हणजे रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत भागाव्यात ही कल्पना पुढे केली आणि ती जगभर गाजली. पुण्याच्या पेठांत राहिलेल्या कोणालाही त्यात नवल वाटू नये. गिरणी, इस्त्रीवाला, दवाखाना, शाळा, मंडई, देऊळ, ग्रंथालय सगळं पायाखालचं. पण पेठांचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की निवासी भागासाठी आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि लक्ष्मी रस्त्यालगत राहणाऱ्याला ती वर्षातल्या फार थोड्या दिवशी अनुभवायला मिळते. रात्रीची शांतता विकत मिळत नाही. खिडक्यांना दुहेरी काच लावली तर आवाज कमी होतो, पण मग खिडकी उघडायची सोय राहत नाही.

इथून दुसरी यादी सुरू होते. पैसे मोजून न मिळणाऱ्या गोष्टींत पहिला मान जमिनीच्या उंचसखलपणाचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सहकारनगरच्या अंगाने वाहणाऱ्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार माजवला आणि शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं दगावली. पुढे २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. यातली एकही जागा अचानक सखल झालेली नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. ओढ्यांची नावं गावातल्या जुन्या माणसांना पाठ असतात. तरीही रविवारच्या उन्हात फ्लॅट बघताना समोरची हिरवी पट्टी ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त भावाने विकली जाते. हवेचंही तसंच. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलला इमारतींत हलवलं गेलं. पक्की घरं होती, संडास घरात होता, लिफ्ट होती. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला घातक असल्याचं नोंदवलं होतं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घरं द्या, नाहीतर भाडं द्या. कागदावर घर म्हणून पाहिलं तर माहुलमध्ये नाव ठेवायला फारशी जागा नव्हती. लोक तिथून निघायला धडपडत होते ते वस्तीपायी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ही कसोटी लावली तर चाळ आणि वाडाच पहिले येतील, कारण तिथे पहिली यादी सगळ्यात आखूड असते. मग दहा बाय बाराच्या खोलीला चांगलं म्हणायचं का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर मुंबईतल्या बीडीडी चाळींनी दिलेलं आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे उभ्या राहिलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक संडास यांवर तीन-चार पिढ्या निघाल्या. शाळा, स्टेशन, बाजार, केईएमसारखं रुग्णालय, सगळं हाताशी. तिथल्या रहिवाशांनी या आखूड यादीच्या मोहात लहान खोली गोड मानून घेतली नाही आणि मोठ्या घराच्या आशेने विरार-बदलापूरही धरलं नाही. त्यांची मागणी दोन्हींची होती, मोठं घर पाहिजे आणि ते इथेच पाहिजे. पुनर्विकासात त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर ठरलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. म्हणजे घराला एक किमान पातळी असते आणि तिच्याखाली वस्तीचे गुण कामाला येत नाहीत. ही पातळी चौरस फुटांवरून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींनी तीही चुकीची ठरवली. तिथे घरात स्वतंत्र संडास आणि स्वयंपाकाचा ओटा आहे, पण दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून पक्क्या घरात आणलेल्या माणसाला क्षय होत असेल तर ‘पक्कं’ या शब्दाने फार दिशाभूल केली आहे. ऊन हीही विकत न मिळणारी वस्तू, आणि ती शेजारची इमारत किती लांब आहे यावर ठरते.

माणसं आणि अंतर यांच्याबद्दल तर चांगला पुरावा आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. अहमदाबादमध्ये १९८७ साली ‘सेवा’ संघटनेच्या सहभागाने गरीब कष्टकरी स्त्रियांसाठी घरांची सोडत निघाली. घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर. चौदा वर्षांनी संशोधकांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. नंबर लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुटुंबं तिथे राहायला गेलीच नाहीत आणि जवळजवळ तेवढीच जाऊन परत आली. उत्पन्नात किंवा मुलांच्या प्रगतीत फरक दिसला नाही. अडीनडीला धावून येणारं नात्यागोत्याचं आणि शेजारपाजाऱ्यांचं जाळं मात्र विरलं. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना चांगल्या वस्तीत जाण्यासाठी मदत दिली गेली आणि अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तेरा वर्षांच्या आत तिकडे गेलेल्या मुलांची पुढची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. मुंबईत म्हाडाच्या सोडतींचा अभ्यास करणाऱ्या तनू कुमार यांना विजेत्या कुटुंबांत शिक्षण आणि नोकऱ्यांच्या बाबतीत सुधारणा आढळली. तिन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं वाटेल, पण तपशिलात फरक आहे. म्हाडाच्या विजेत्यांना नवं घर भाड्याने देऊन जुन्या जागी राहायची मुभा होती. अहमदाबादकरांपुढे जा नाहीतर सोडा एवढेच पर्याय होते. अमेरिकेत मुलांसाठी शाळा आणि संगत बदलली. अहमदाबादच्या वेशीवर सुधारलं ते फक्त घर. वस्तीचं वजन घराहून जास्त आहे, असाच अर्थ मी यातून काढतो.

दुसरा आक्षेप टाउनशिपचा, आणि तो सगळ्यात तगडा आहे. पालिकेला जमत नसेल तर सगळं आम्हीच करू, पाणी, रस्ते, बाग, शाळा, दवाखाना, पहारा, आणि त्याचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. याने काय बिघडतं? हडपसरचं मगरपट्टा हे या बाजूचं उत्तम उदाहरण. सुमारे चारशे एकर जमीन शंभरावर शेतकरी कुटुंबांनी एकत्र आणली, घरांबरोबर ऑफिसं, शाळा, रुग्णालयही आत आणलं आणि अनेकांना पायी कामावर जाता येऊ लागलं. हे यश मान्य करायला हरकत नाही. पण ते नीट पाहिलं तर लक्षात येतं की तिथे चाललं ते नगररचनेचं जुनं शहाणपण, म्हणजे काम, शाळा आणि घर यांतलं अंतर कमी करणं. त्यात गेटचा वाटा फार नाही. नुसतं गेट, पोहण्याचा तलाव आणि मंदिर बांधून ज्यांनी टाउनशिपचा आव आणला, तिथले लोक सकाळी गेटबाहेर पडले की त्याच कोंडीत उभे असतात. शिवाय आतला कारभार मेंटेनन्सवर चालतो. इमारतींना वीस वर्षं होऊन लिफ्ट, ड्रेनेज, रंग एकदम निघाले आणि मूळ रहिवाशांपैकी निम्मे निवृत्त झालेले असले की तेव्हाचं गणित आज कोणी मांडून दाखवत नाही. नवी मुंबईचा दाखला याच्या शेजारी ठेवावा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नोड आणि सेक्टर आखले गेले, प्रत्येक सेक्टरात शाळा, बाजार, बाग यांची जागा राखली. १९९२ मध्ये वाशीला रेल्वे आली आणि त्याच वर्षी महापालिकाही आली. पुढे या महापालिकेने मोरबे धरणच ताब्यात घेतलं. म्हणून वाशी-नेरुळच्या साध्या सिडको इमारतीतल्या माणसाची यादी आजही आखूड आहे. त्याच सिडकोने आखलेल्या खारघर-तळोज्याकडे रस्ते जास्त रुंद आणि इमारती जास्त देखण्या आहेत, पण तो भाग त्या महापालिकेबाहेर राहिला आणि तिथले लोक पाण्यासाठी मोर्चे काढतात. आखणारा एकच, फरक पडला तो पाण्याची जबाबदारी कोणावर होती यात.

अर्थशास्त्र शिकलेला माणूस इथे हसून म्हणेल की एवढी यातायात कशाला, हे सगळं किमतीत येतंच. चांगली वस्ती महाग, वाईट स्वस्त. यात तथ्य आहे, पण किंमत ठरवणारा माणूस कोण आहे ते बघा. विकत घेणारा तिथे राहिलेला नसतो. तो सुट्टीच्या दिवशी दुपारी येतो. पुढे मेट्रो येणार, रिंग रोड होणार, आयटी पार्क येणार या आशेला तो आज पैसे मोजतो. आणि ज्यांना खरी परिस्थिती माहीत आहे ते सभासद गप्प असतात, कारण टँकरचा बोभाटा झाला तर त्यांच्याच फ्लॅटचा भाव पडतो. वर्तमानपत्रात सोसायटीचं नाव येऊ नये म्हणून पाण्याची तक्रारसुद्धा दबक्या आवाजात होते. त्यामानाने भाडं प्रामाणिक असतं. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस भविष्याला पैसे देत नाही, आजच्या दिवसाला देतो, आणि दिवस वाईट गेला तर सामान उचलतो. आपल्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. हे प्रमाण एखाद्या वस्तीत शेजारच्या वस्तीपेक्षा फारच खाली असेल तर समजावं की तिथे लोक राहण्यासाठी कमी आणि विकण्यासाठी जास्त घेताहेत.

राहता राहिला तो न बोलला जाणारा निकष, ‘लोक चांगले आहेत’. हा निकष टाळता येत नाही, कारण शेजार हा वस्तीचाच भाग आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा जात, धर्म आणि ताटातलं अन्न असा होतो. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दिल्ली परिसरातल्या अभ्यासात भाड्याचं घर शोधणाऱ्या दलितांना आणि मुसलमानांना नावावरूनच नकार मिळत असल्याचं दिसलं. मुंबई-पुण्यात वेगळं काही घडतं असं मानण्याचं कारण नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला, तेव्हापासून या वृत्तीला कायद्याचाही आधार सापडला. एकाच समाजाचे लोक असले की वस्ती सुरक्षित, हा समज मात्र पुराव्यावर उभा नाही. शिकागोतल्या ३४३ वस्त्यांचा रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये आला. लोक एकमेकांवर किती विश्वास ठेवतात आणि गल्लीत पोरं मारामारी करत असतील तर मध्ये पडतात का, या दोन गोष्टी जिथे होत्या तिथे हिंसा कमी होती. अशी मध्ये पडण्याची सवय लोक टिकून राहिल्याने लागते. सगळे एका आडनावाचे असावे लागत नाहीत. आणखी एक साधी खूण आहे. घरकाम करणाऱ्या बाई, वॉचमन, रिक्षावाला, प्लंबर यांना त्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायला परवडतं का? ज्या भागाने त्यांना पंधरा किलोमीटर लांब ढकललं, त्या भागातल्या प्रत्येक घराला रोज सकाळी त्यांच्या बसची वाट पाहावी लागते. हाही पहिल्या यादीतलाच खर्च, फक्त तो दुसऱ्याच्या वेळेतून वसूल होतो.

कोणी म्हणेल, एवढं निवडायला वाव आहे कुणाला? बँक जेवढं कर्ज देते तेवढ्यात जे बसतं ते घ्यायचं. हे खरं आहे, पण तेवढ्याच बजेटमध्ये चार-पाच वस्त्या बसतात आणि त्यांच्यातला फरक महिन्याच्या खर्चात उतरतो. कमी मिळकत असणाऱ्याला तर ही यादी अधिकच लागू, कारण टँकर आणि पेट्रोल यांचे दर पगार बघून कमी होत नाहीत. पाहणीला काही विद्या लागत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर २०१७ पासूनच्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे असतात. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते तिथे आणि पालिकेत कळतं. विकास आराखड्यात शेजारच्या मोकळ्या जागेवर बागेचं आरक्षण आहे की रस्त्याचं, ते बघता येतं. पूररेषेचा नकाशाही मागता येतो. मग एकदा मे महिन्यात, एकदा जुलैच्या पावसात, एकदा सकाळी शाळा भरायच्या वेळी आणि एकदा रात्री दहानंतर तिथे पायी फिरावं. माहिती विचारायची तर एजंट, सेक्रेटरी आणि विकणारा मालक यांना वगळून विचारावी. त्यांच्या बोलण्यात भाव राखायची जबाबदारी असते. करार संपवून सामान टेम्पोत भरणारा भाडेकरू सापडला तर उत्तम. त्याला कोणाचा भाव राखायचा नसतो. नळाला दिवसातून किती वेळ पाणी यायचं, मे महिन्यात दिवसाला किती टँकर लागले, शेवटची बस किती वाजता होती आणि तळमजल्यात पाणी कधी शिरलं होतं, हे तो टेम्पोवाल्याची घाई चालू असतानाही पाच मिनिटांत सांगून जातो.